उखर्डूच्या आधीच्या तिघी

शालिग्राम वायकोळे यांची जळगावात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत टायपिंगची संस्था होती. जिना चढून वर गेलं की डाव्या हाताला मराठीची सहा मशिनं, उजव्या हाताला इंग्रजीची आठ, आणि समोर सर. पंच्याऐंशी साली मी तिथे विद्यार्थिनी म्हणून गेले, परीक्षा पास झाले आणि तिथेच शिकवायला राहिले. त्यामुळे त्यांच्याबद्दल जे सांगते आहे ते बरंचसं पाहिलेलं आहे.

सर ओळखले जायचे ते कार्बन पेपरमुळे. कार्बन लावल्याशिवाय मशीनवर कागद चढवायला त्यांच्याकडे बंदी होती, मग तो सरावाचा कागद का असेना. नुसत्या सरावाची दुसरी प्रत कशाला, असं एखादी नवी मुलगी विचारायची. सर सांगायचे की हाताला सवय लागली पाहिजे, डोक्याचा काही भरवसा नाही. सरावाच्या प्रती आठवड्याने रद्दीत जायच्या. पण संस्थेतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाची, म्हणजे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, बदलीची विनंती, दुसरी प्रत तारीखवार फाईलला लावायचं काम माझ्याकडे होतं. मी ते तोंड वाकडं करून करायची, पण करायची.

शहाण्णव साली संस्थेत तीन कॉम्प्युटर आले आणि ते सरांना जरा जास्तच आवडले. पन्नाशीचा माणूस पुस्तक समोर ठेवून रोज दुपारी काहीतरी नवीन शिकत बसायचा. वर्षभरात कार्बनचे डबे माळ्यावर गेले. पुढे माझ्या फायलीही गेल्या. "आता मशीनच लक्षात ठेवतं, कुंदाताई," असं ते मला म्हणाले होते.  भरवशात असलेल्या माणसाला अडवायला जाणं माझ्या स्वभावात नाही, काय होतं ते बघत बसणं आहे.

सरांचं गाव यावल तालुक्यात, केळीच्या बागांमधलं. तिथे दर तीन वर्षांनी दिवाळीनंतर बन्सीलाल नावाचा भाट यायचा. त्याचं घर गुजरातच्या बाजूला. लाल फडक्यात गुंडाळलेली हातभर लांबीची वही घेऊन तो एकेका घराच्या ओट्यावर बसायचा आणि त्या घरच्या पिढ्या वाचून दाखवायचा. अमक्याचे चार मुलगे, त्यातल्या दुसऱ्याचे तीन, असं करत आजच्या माणसांपर्यंत यायचा. तीन वर्षांत जे मुलगे जन्मले असतील त्यांची नावं वहीत चढवायचा आणि जेवून पुढच्या ओट्यावर जायचा. आमच्याकडे भाट येत नाही. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांच्या वडिलांचं नाव मला ठाऊक आहे, त्याच्या पलीकडे काही नाही. सर पंधरा पिढ्यांचं सांगू लागले की मला कौतुकही वाटायचं आणि रागही यायचा, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. ते म्हणाले, राग बरोबर आहे.

शहाण्णवच्या दिवाळीनंतर भाट आला तेव्हा ओट्याच्या कोपऱ्यात धुरपदाबाई बसल्या होत्या. या सरांच्या वडिलांच्या थोरल्या चुलत बहीण, म्हणजे सरांच्या आत्या. लहानपणी लग्न झालं, विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आल्या आणि पुढची पासष्ट वर्षं त्याच घरात राहिल्या. भाटाने वाचन संपवून वही बांधायला घेतली तशी त्यांनी विचारलं, "सगयं वाचलं रे भाऊ तू. मंग मी कुठी हाये त्याच्यात?"

भाटाने नम्रपणे सांगितलं की लेकींची नावं वहीत चढत नाहीत, लेक दुसऱ्या घरची. आत्यांना मूलबाळ नव्हतं, तेव्हा सासरच्या वहीत त्यांचं नाव कुणाची आई म्हणूनही असायचं कारण नव्हतं. आत्या उठून आत गेल्या. सर मात्र तो प्रश्न घेऊनच जळगावला आले.

त्या प्रश्नातून वेबसाइट निघाली. वेबसाइट हा शब्द तेव्हा जळगावात फार थोड्यांना ठाऊक होता. सरांनी अमेरिकेतल्या कुठल्याशा कंपनीची फुकट जागा मिळवली. संस्थेचा फोन अडकवून, पुस्तकात बघून, एकेक पान चढवू लागले. गावातली चौदा घराणी घेतली. प्रत्येक घराण्याचा वेगळा फोल्डर, त्यात प्रत्येक कर्त्या पुरुषाचं एक पान, आणि पानावर मुलग्यांच्या शेजारी मुली. मुलगे भाटाच्या वाचनातून उतरवून घेतलेले होते. मुली मात्र कुठेच लिहिलेल्या नव्हत्या. त्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून गोळा करायच्या होत्या.

त्यासाठी आखाजीसारखा, म्हणजे अक्षय तृतीयेसारखा, सण नाही. आखाजीला गावच्या सगळ्या लेकी माहेरी येतात, सत्तरीच्यासुद्धा. अठ्ठ्याण्णवच्या आणि नव्व्याण्णवच्या आखाजीला सर तीन-तीन दिवस गावात राहिले. मेलेल्या बहिणी, आत्या, आत्यांच्या आत्या, तान्ह्या गेलेल्या मुली, सगळ्यांची नावं ते विचारत आणि सरावाच्या कागदांच्या पाठीवर लिहून घेत. जळगावला येऊन कॉम्प्युटरवर टाईप करत आणि कागद रद्दीत टाकत. मी एकदा म्हटलं, राहू द्या की कागद. तर म्हणाले, दोन ठिकाणी कचरा कशाला.

सर्वात जास्त नावं धुरपदाआत्यांनी सांगितली. त्यांच्यामुळे सरांना एक गोष्ट कळली, जी त्यांच्या वडिलांनी कधी सांगितली नव्हती. वडिलांचं नाव उखर्डू. त्या भागात हे नाव घरोघरी आहे, आणि ते हौसेने ठेवत नाहीत. मुलं जगत नसली की पुढच्या मुलाला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचलून आणतात आणि उखर्डू म्हणतात. हे टाकलेलं आहे, याला कोण नेणार, असा त्यामागचा हिशेब. म्हणजे प्रत्येक उखर्डूच्या आधी कुणीतरी गेलेलं असतं. सरांच्या वडिलांच्या आधी तीन मुली गेल्या होत्या. त्यांची नावं ठाऊक असलेलं एकच माणूस जिवंत होतं, ते म्हणजे आत्या. सरांनी ती तीन नावं आजोबांच्या पानावर न घालता वडिलांच्याच पानावर, त्यांच्या नावाच्या आधी घातली आणि ते पान मला तपासायला दिलं. मी ते तपासलं, काना-मात्रा बघितल्या आणि परत दिलं. लक्षात ठेवायचं काही कारण नव्हतं.

अठ्ठ्याण्णवच्या त्या आखाजीनंतर आत्या डोळ्यांच्या कामासाठी जळगावला आल्या होत्या. सरांनी त्यांना वर आणून पडद्यावर त्यांच्या माहेरच्या मुली दाखवल्या. आत्यांना वाचता येत नव्हतं, आणि दिसतही कमीच होतं. त्यांनी विचारलं, "लाइट गेली म्हंजे ह्या पोरी कुठी जातीन रे शालिक?" सर हसले. पण आत्या हसल्या नाहीत. त्यांना कागद हवा होता, उशाखाली ठेवायला. प्रिंटरची शाई नेमकी संपलेली होती. मग सरांनी जुन्या मराठी मशीनवर आत्यांनी सांगितलेल्या, घराण्यातल्या सगळ्या लेकी टाईप करून दिल्या, खाली आत्यांचा अंगठा घेतला आणि कागद घडी करून त्यांच्या हातात ठेवला.

नव्व्याण्णवच्या पावसाळ्यात आत्या गेल्या. अठ्ठ्याऐंशीच्या होत्या. उशाखालचा कागद सरांच्या चुलत भावाने, जीवरामभाऊंनी, त्यांच्या चोळीत खोवून त्यांच्याबरोबरच जाऊ दिला. वाईट कुणालाच वाटलं नाही, कारण सगळं कॉम्प्युटरमध्ये होतंच.

त्या वर्षी पेपरात रोज येत होतं की एकतीस डिसेंबरला जगातले कॉम्प्युटर तारीख विसरणार आणि बंद पडणार. सरांनी ते मनावर घेतलं. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, भर दुपारी, बॅच नसताना, त्यांनी वेबसाइट आवरायला काढली. चौदा ठिकाणी पसरलेली पानं एका जागी आणून ठेवली की सांभाळायला बरं, असा विचार. त्यांनी चौदाही फोल्डर उघडून सगळी पानं उचलली आणि एका नव्या फोल्डरमध्ये टाकली. कॉम्प्युटरने विचारलं, या नावाची फाईल इथे आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? सर म्हणाले, बघा, पुन्हा पुन्हा तेच विचारतोय. आणि त्यांनी 'सगळ्यांना हो' असं उत्तर दिलं. मी शेजारच्या टेबलावर हजेरीपट भरत होते. ते बटण दाबल्याचं मला दिसलं, आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग त्यांनी फोन लावला, अमेरिकेतल्या जागेवरचं जुनं सगळं पुसलं, कारण जागा मोजकीच होती, आणि आवरलेला फोल्डर चढवला. दीड तास लागला. चढवून झाल्यावर समाधानाने वडिलांचं पान उघडलं. उखर्डूच होता, पण चार मुलगे आणि दोन मुली असलेला, गावाच्या वरच्या आळीतला.

चौदा घराण्यांत मिळून अकरा उखर्डू होते. नऊ कौतिक होते, सहा पुना होते. सरांनी फाईलींना माणसांची नावं दिली होती, आणि आमच्याकडे तीच ती नावं घरोघरी ठेवत आलेले. वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ते सगळे सुखाने राहत होते. एका फोल्डरमध्ये आणल्यावर प्रत्येक नावाचा एकच उरला, सर्वात शेवटी आलेला. तीनशे बारा पानं होती, त्यातली एकशे ऐंशी राहिली. सरांनी वडिलांचं पान बंद केलं, परत उघडलं, परत बंद केलं. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "कुंदाताई, तुम्ही ते पान तपासलं होतं. तीन नावं काय होती?"

मला आठवलं नाही. एक पार्वता असावी असं वाटत होतं, पण पार्वता इतर पानांवरही होत्या. मला स्वतःची फार लाज वाटली. सरांनाही आठवत नव्हतं. स्वतःच्या हाताने टाईप केलेली, स्वतःच्या सख्ख्या आत्यांची नावं.

पुढचे पंधरा दिवस सर एस.टी.ने फिरले. पुरुषांची त्यांना काळजी नव्हती, दिवाळीनंतर भाट येणारच होता. मुलींसाठी ते यावलला गेले, एरंडोलला गेले, धुळ्याला गेले. बरीच नावं परत मिळाली. काही सांगणाऱ्या वर्षभरात गेल्या होत्या. धुळ्याला इंदिराबाई म्हणून गावच्या एक लेक होत्या, शहात्तर वर्षांच्या. त्यांनी आखाजीला आपल्या आजीच्या पाच बहिणी सांगितल्या होत्या. आता त्यांना दोनच सांगता आल्या. त्या सरांना म्हणाल्या, "तुले सांगून टाकलं व्हतं ना रे भाऊ. म्हनून तं मी इसरली."

हे वाक्य सरांनी मला जळगावला परत आल्यावर सांगितलं, आणि मग दिवसभर बॅच घेतली नाही. उखर्डूच्या आधीच्या तिघी कुठेच मिळाल्या नव्हत्या. त्या सांगायला आता कुणी नव्हतंच. सरांना त्या मुलींबद्दल माया वगैरे होती असं मी म्हणणार नाही, वडील जन्मायच्या आधी गेलेल्या पोरी त्या. पण ऐंशी वर्षं एका बाईने त्या सांभाळल्या आणि आपण दीड वर्षात घालवल्या, हे त्यांना सहन होत नव्हतं, आणि तसं ते बोलून दाखवत.

दिवाळीच्या साफसफाईला मी माळ्यावर चढले. कार्बनचे डबे खाली काढले, त्यांच्या मागे माझ्या फायली होत्या. धूळ झटकताना मला आठवलं की आत्यांचा कागद मशीनवर टाईप झाला होता. मशीनवर. सरांच्या हाताने. मी तिथेच शिडीवर बसले आणि शेवटची फाईल उघडली. अठ्ठ्याण्णव सालात त्या फाईलला जेमतेम सात कागद लागले होते, कारण बाकी सगळं प्रिंटरवर जायचं. पाचवा कागद निळसर अक्षरांचा, कार्बनखालचा. मशीनच्या खणात उरलेला कार्बन सरांनी त्या दिवशी कधी लावला ते त्यांनाही कळलं नसेल, आणि मी कागद फाईलला कधी लावला ते मलाही आठवत नाही. एकवीस लेकींची नावं होती. आठव्या ओळीवर लिहिलं होतं, उखर्डूच्या आधी, आणि पुढे तीन नावं.

मी कागद खाली आणून सरांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले की कार्बनचा एक डबा खालीच असू द्या.

त्यानंतर संस्थेत नवा नियम झाला. दर शनिवारी वेबसाइटची सगळी पानं फ्लॉपींच्या तीन संचांवर उतरवायची. एक संच संस्थेत, एक गावी जीवरामभाऊंच्या कपाटात, एक माझ्या घरी. शिवाय छापील प्रत. फाईलीच्या नावात माणसाबरोबर बापाचं आणि घराण्याचं नाव. फ्लॉपी भरली की ती दुसऱ्या मशीनवर उघडून बघायची, मगच तारीख घालायची. ज्या बावीस मुली परत मिळाल्या नाहीत त्यांच्या जागा सरांनी मोकळ्या सोडल्या नाहीत. तिथे लिहिलं, 'मुलगी. हिचं नाव नोंदवलं होतं, माझ्या हातून पुसलं गेलं. शालिग्राम.' बावीस ठिकाणी हे लिहायला नको होतं, एकदाच माफी मागून भागलं असतं, असं मला वाटलं. सर म्हणाले, माफी एकदा पुरते, पण पोरी बावीस आहेत.

मीही त्या आठवड्यात आईला तिच्या आजीचं नाव विचारलं आणि दोन कार्बन लावून टाईप केलं.

नोव्हेंबरअखेर भाट आला. सरांनी मला मुद्दाम गावी नेलं. ओट्यावर जीवरामभाऊ होते, दोन-चार शेजारी होते. सरांनी पुसले गेलेले पुरुष वहीतून परत उतरवून घेतले आणि झालं ते सगळं बन्सीलालला सांगितलं. तो ऐकून हसला नाही. वही हरवली तर तुम्ही काय करता, असं सरांनी त्याला विचारलं, जे तीन वर्षांपूर्वीच विचारायला हवं होतं.

बन्सीलाल म्हणाला, "एक वही फिरते, साहेब. एक वही घरी बसते. घरी गेलो की पहिलं काम, नवीन लिहिलेलं बसलेल्या वहीत उतरवायचं. आणि दोन्ही वह्या कधी एका गाडीत बसत नाहीत. बापाने शिकवलं आहे."

 सरांनी पिशवीतून तो निळसर कागद काढला आणि या लेकी वहीत घ्याव्यात असं म्हणाले. बन्सीलालने हात जोडले. लेकींची नावं चढत नाहीत, रीत नाही. जीवरामभाऊही म्हणाले, "शालिक, नको ते काढू नको. सात पिढ्यांत कधी झालं नही."

मला वाटलं सर आता भाषण करतील. समाज, स्त्रिया, येणारं शतक वगैरे. त्यांना ते येत होतं, समाजाच्या मेळाव्यात मी ऐकलेलं आहे. पण ते हळू आवाजात, जवळजवळ विनवल्यासारखं बोलले.

"चढवू नका. तुमची रीत राहू द्या. मला फक्त एक प्रत ठेवायला जागा पाहिजे. माझ्या तिन्ही जागा याच जिल्ह्यात आहेत. तुमची वही बाहेरची आहे, आणि दोन आहेत."

बन्सीलालने जीवरामभाऊंकडे पाहिलं. भाऊंनी खांदे उडवले. प्रत ठेवायला कुणाची हरकत असणार? बन्सीलालने वही उलटी केली, अगदी शेवटचं कोरं पान काढलं आणि कागद मागितला. एकवीस नावं त्याने आपल्या बारीक, तिरक्या अक्षरात उतरवली. अर्धा तास गेला. आतून चहा आला, तो निवाला.

लिहून झाल्यावर तो वही बांधेल असं आम्हाला वाटलं. पण त्याची आणखी एक रीत होती. ज्या ओट्यावर बसून लिहिलं, त्या ओट्यावर ते एकदा मोठ्याने वाचायचं, म्हणजे चूक असेल तर घरचा माणूस सांगतो. त्याने वही मांडीवर घेतली आणि नेहमीच्या चालीत, पुरुषांच्या पिढ्या वाचतो त्याच चालीत, वाचू लागला. घरातल्या बायका दारापर्यंत आल्या. आठव्या ओळीवर तो म्हणाला, "उखर्डूच्या आधी तीन. सुगंधा. पार्वता. चिंधी." दोघींना चांगली नावं ठेवून त्या जगल्या नाहीत, म्हणून तिसरीला चिंधी म्हटलं, ती पण राहिली नाही, म्हणून मग मुलाला उकिरड्यावर ठेवलं. हे ओट्यावर कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

एकवीस नावं झाली तरी बन्सीलाल थांबला नाही. कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ होती. कोर्टाचे कागद टाईप करायच्या सवयीने सरांनी आत्यांच्या अंगठ्यासाठी जागा सोडून शेजारी नाव घातलं होतं. दुसऱ्या प्रतीवर अंगठा नव्हता, नाव होतं. बन्सीलालने तेही उतरवून घेतलं होतं, कारण कागदावर असेल ते सगळं उतरवायचं, एवढंच त्याला ठाऊक.

"सांगणार," त्याने वाचलं, "धुरपदाबाई."

सर मान खाली घालून ऐकत होते. त्यांनी चूक नाही असं सांगितलं, आणि बन्सीलालने वही बांधली.